एक फेरी, एक पिच

१७९७ साली लंडनमध्ये जोसेफ ब्रामा याच्या कारखान्यातल्या मुख्य कारागिराने पगारवाढ मागितली. त्याला आठवड्याला तीस शिलिंग मिळत होते आणि संसार वाढत चालला होता. ब्रामा कुलपांसाठी प्रसिद्ध होता. त्याचे कुलूप भल्याभल्यांना उघडत नसे. पण त्या कुलपाचे भाग एकसारखे काढणारी यंत्रे उभी केली होती ती या कारागिराने. ब्रामाने वाढ नाकारली. कारागिराने नोकरी सोडली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळच्या वेल्स स्ट्रीटवर स्वतःचे लहानसे वर्कशॉप थाटले. त्याचे नाव हेन्री मॉड्स्ले. काही शिलिंग वाचवण्यापायी ब्रामाने काय गमावले, हे पुढच्या तीन-चार वर्षांतच दिसले.

मॉड्स्लेचे बालपण वूलिचच्या शस्त्रागारात काडतुसे भरण्यात गेले होते. हाताची सफाई त्याने तिथल्या लोहारशाळेत मिळवली. स्वतंत्र झाल्यावर त्याने सगळा जोर लावला एका साध्या दिसणाऱ्या गोष्टीवर: स्क्रू. त्या काळी लोखंडी स्क्रूचे आटे कानशीने घासून, नाहीतर ओबडधोबड डायमधून काढत. एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टवर बसेल याची खात्री नसे. यंत्र खोलले की कुठला नट कुठल्या बोल्टचा याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. खुणा पुसल्या की कारागिराचे हाल.

मॉड्स्लेने १८०० च्या सुमारास जो लेथ उभा केला, तो आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. त्यातला एकही भाग तसा अगदी नवा नव्हता. टूल हातात न धरता सरकत्या बैठकीत बांधण्याची युक्ती आधी होती, लीड स्क्रूही होता, दातेरी चाके तर घड्याळजींकडे शतकानुशतके होती. जेसी रॅम्सडेनने १७७० च्या दशकात उपकरणांसाठी बारीक स्क्रू कापणारी यंत्रे केली होती. मॉड्स्लेने हे सगळे एका भक्कम लोखंडी सांगाड्यात आणले आणि चेंज गिअर बदलून वेगवेगळ्या पिचचे, म्हणजे दोन आट्यांत वेगवेगळे अंतर असलेले, आटे पाडण्याची सोय केली. मग त्या लेथच्या जोरावर त्याने एक स्क्रू काढला: ५ फूट लांब, २ इंच जाड, इंचाला ५० आटे. त्याचा नट १२ इंच लांबीचा होता, म्हणजे नटात ६०० आटे. सहाशेच्या सहाशे आटे एकाच वेळी जुळले नाहीत, तर असा नट अडकून बसतो.

लेथवर आटे पाडण्याचा सगळा कायदा एका ओळीत मावतो. जॉबची एक फेरी झाली की टूलने बरोबर एक पिच पुढे सरकले पाहिजे. दुसरी अट पहिलीइतकीच कडक आहे. आटा एका कटात पूर्ण होत नाही, दहा-बारा कट द्यावे लागतात. त्यातला प्रत्येक कट आधीच्याच खाचेत पडला पाहिजे. मॉड्स्लेने या दोन्ही अटी दातांनी बांधल्या. स्पिंडलवरचे चाक, मधली चाके, लीड स्क्रू आणि त्याला पकडणारा हाफ नट अशी ती साखळी. स्पिंडल हळू फिरो की जोरात, मध्येच अडखळो, टूल त्याच हिशेबात चालणार. स्पिंडलचा वेग किती, हा प्रश्नच या रचनेत आट्याच्या अचूकपणाला शिवत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण दीडशे वर्षांनी नेमकी तीच उलटली.

मॉड्स्लेच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेल्या कारागिरांत जोसेफ व्हिटवर्थ होता. त्याने पुढे मँचेस्टरला धंदा काढला, निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मापे घेतली, सरासरी काढली आणि १८४१ साली लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे सर्वांसाठी एकच पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक व्यासाला ठरलेले इंचागणिक आटे. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचा पर्याय दिला. ६० अंश मोजायला आणि घासायला सोपे, हा त्याचा मुद्दा व्यवहारी होता. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांवर समेट केला आणि मेट्रिक आट्यांचा कोनही ६० चाच आहे. तरी व्हिटवर्थ पुरता हरला नाही. पाइपांच्या आट्यांत त्याचे ५५ अंश आजही चालू आहेत. पुण्या-मुंबईतल्या हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंची नळाचे फिटिंग आणले, तर त्यावर इंचाला १४ आटे असतात आणि त्यांचा कोन ५५ अंश असतो. देशाने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, पण नळाला तो लागू करायला अजून कुणी धजलेले नाही.

इंच आणि मिलिमीटर यांच्या भांडणाचा त्रास टर्नरला मात्र रोजचा होता. लीड स्क्रू इंची आणि काढायचे आटे मेट्रिक, असे झाले की गिअरच्या डब्यातून १२७ दातांचे चाक बाहेर निघे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. ही संख्या मूळ संख्या असल्याने लहान चाकांची जोडी लावून काम भागत नाही, अख्खे १२७ दातांचेच चाक हवे. आणि अशा कामात हाफ नट उघडायचा नाही, हा दंडक. उघडला तर पुन्हा त्याच खाचेत टूल पडेल याचा भरवसा नसतो. म्हणून प्रत्येक कटानंतर टूल मागे घ्यायचे, मोटार उलटी फिरवायची, कॅरेज सुरुवातीला आणायचे, मग पुढचा कट. काम वेळखाऊ असले तरी बिनचूक होई.

इंची आटे इंची लेथवर पाडताना कॅरेजच्या बाजूला एक लहान डायल असते, तिच्यावर रेघा आणि आकडे. लीड स्क्रूबरोबर ती फिरत राहते. इंचाला सम संख्येने आटे असतील तर कुठल्याही रेघेवर हाफ नट टाकावा. विषम असतील तर आकडा असलेल्या रेघेवरच टाकावा. हे कोष्टक टर्नरला पाठ असे. खरे कसब पुढे. उजवा हात हाफ नटच्या लिव्हरवर, डावा हात क्रॉस स्लाइडच्या हँडलवर. टूल आट्याच्या शेवटच्या खाचेशी आले की उजव्याने लिव्हर उचलायचा आणि त्याच दमात डाव्याने टूल मागे ओढायचे. अर्धा क्षण उशीर झाला की टूल खांद्यावर आदळते, टोक उडते आणि जॉब भंगारात जातो. म्हणून आटे पाडताना टर्नर बॅक गिअर टाकून स्पिंडल ५०-६० फेऱ्यांवर आणत असे. गाठ माणसाच्या हाताच्या चपळाईशी होती, यंत्राच्या ताकदीशी नव्हती.

स्पिंडलच्या वेगाची कहाणी वेगळ्याच वाटेने आली. जुन्या कारखान्यात छताखाली एक लांब शाफ्ट फिरत असे आणि तिथून चामड्याचे पट्टे प्रत्येक लेथवर उतरत. लेथच्या डोक्यावर तीन-चार पायऱ्यांची पुली. पट्टा या पायरीवरून त्या पायरीवर ढकलला की वेग बदलला. चार पायऱ्या आणि बॅक गिअर मिळून आठ वेग, एवढीच निवड. त्यातला कोणता घ्यायचा, हे फोरमनच्या अंदाजावर चाले.

हा अंदाज मोडून काढण्याचे काम फ्रेडरिक टेलरने केले. कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा म्हणून त्याची कुप्रसिद्धी आहे, आणि ती त्याने कमावलेलीच आहे. पण धातू कापण्याच्या शास्त्रात त्याचे ऋण मोठे आहे. त्याने सव्वीस वर्षे प्रयोग केले आणि त्यात आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा भुसा केला. त्यातून त्याला आढळले की टूल किती वेळ टिकेल हे मुख्यतः कापण्याच्या वेगावर ठरते आणि दोहोंचे नाते गणिताने मांडता येते. निष्कर्ष त्याने अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे १९०६ मध्ये वाचले. त्याआधी बेथलेहेम स्टीलमध्ये मॉन्सेल व्हाइटबरोबर त्याने हायस्पीड स्टील घडवले होते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्या पोलादाची टूल्स लालभडक होऊनही कापत राहिली, तेव्हा बघणाऱ्या कारखानदारांना आपले लेथ एका दिवसात म्हातारे झाल्यासारखे वाटले असेल. मग जर्मनीतल्या क्रुपने १९२७ च्या लायपझिग जत्रेत कार्बाइड आणले, ‘विडिया’ या नावाने. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये ते नाव असे रुजले की कंपनी कुठलीही असो, टूल विडियाचेच.

कार्बाइडची खोड अशी की त्याला हळू चालणे मानवत नाही. वेग कमी पडला की धातूचे कण धारेला चिकटतात आणि जाताना धार घेऊन जातात. साधे टर्निंग करताना वेग वाढवणे सोपे होते, पण आटे पाडताना? २४ मिलिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर पिचचा बोल्ट घ्या. कार्बाइडला मिनिटाला १२० मीटर वेग द्यायचा, तर स्पिंडल मिनिटाला सुमारे १,५९० फेऱ्या मारणार आणि कॅरेज सेकंदाला जवळपास ८० मिलिमीटर धावणार. ४० मिलिमीटर लांबीचा आटा अर्ध्या सेकंदात संपला! त्या अर्ध्या सेकंदाच्या शेवटी लिव्हर उचलून टूल ओढणारा टर्नर अजून जन्मायचा होता.

हे सगळे चालले असताना महाराष्ट्रातले लेथ कुठून येत होते? बहुतेक विलायतेतून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना हलवला. नांगर, चरक, पंप अशी त्यांची वाट होती. त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले आणि या घराण्याची नजर यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांकडे वळली. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर इथे म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाला. तिथले लेथ पुढे देशभर गेले. कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून भोसरीच्या गाळ्यांपर्यंत ते दिसत. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये सरकारने स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉनच्या मदतीने बंगळूरला एचएमटी उभी केली. घड्याळांमुळे ती घराघरात पोचली, पण तिचा जन्म लेथसाठी झाला होता. म्हैसूर किर्लोस्कर पुढे बंद पडला. त्याचे लेथ मात्र आजही चालत आहेत.

शंतनुरावांच्या त्याच एमआयटीत १९५२ च्या सप्टेंबरमध्ये एक प्रात्यक्षिक झाले. मिशिगनच्या जॉन पार्सन्सला हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार तपासायचे होते. हाताने ते होईना, म्हणून त्याने आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राची कल्पना काढली, अमेरिकन हवाई दलाने पैसे दिले आणि एमआयटीच्या प्रयोगशाळेने सिनसिनाटी कंपनीच्या मिलिंग मशीनला भोके पाडलेल्या टेपवर चालवून दाखवले. मिलिंगमध्ये हे तुलनेने सरळ होते. कटर आपला गरगर फिरत राहतो, टेबलाची सरक तेवढी आकड्यांनी ठरवायची. कटरचा वेग थोडा इकडेतिकडे झाला तर बिघडत काही नाही.

लेथवर आटे पाडायची वेळ आली, तेव्हा मात्र मॉड्स्लेची साखळी आडवी आली. आकड्यांवर चालणाऱ्या या नव्या यंत्रात, म्हणजे सीएनसी लेथमध्ये, गिअरची माळ नव्हती. स्पिंडलला एक मोटार, कॅरेजला दुसरी, दोघींमध्ये एकही दाता नाही. मग एका फेरीला एक पिच हा कायदा पाळायचा कोणी?

यावर निघालेला तोडगा म्हणजे स्पिंडलला बसवलेला एन्कोडर. एका फेरीत तो ठरलेल्या संख्येचे ठोके देतो; १,०२४ हा आकडा बराच रूढ झाला. शिवाय फेरीत एकदाच, एकाच जागी, एक वेगळा ठोका. पहिल्या ठोक्यांवरून यंत्राच्या संगणकाला, म्हणजे कंट्रोलला, कळते की स्पिंडल किती फिरला आणि त्या हिशेबात तो कॅरेज सरकवतो. वेगळा ठोका म्हणजे जुन्या डायलवरची आकडा असलेली रेघ. तो मिळेपर्यंत टूल थांबते, मिळाला की निघते, म्हणून प्रत्येक कट आधीच्याच खाचेत पडतो. दाते जाऊन मोजणी आली, पण कायदा तोच राहिला.

एक फरक मात्र पडला. दाते कधी मागे पडत नाहीत, मोटार पडते. कंट्रोलने आज्ञा दिल्यावर कॅरेज प्रत्यक्षात त्या जागी पोचायला जरा वेळ लागतो आणि स्पिंडल जितका वेगात, तितके हे मागे राहणे जास्त. सगळे कट एकाच वेगाने दिले तर प्रत्येक कट सारखाच मागे राहतो आणि आटा शुद्ध येतो. मध्येच वेग बदलला तर पुढचा कट जुन्या खाचेच्या बाजूला पडतो आणि आटा फाटतो. मॉड्स्लेच्या लेथवर स्पिंडलचा वेग आट्याला शिवत नव्हता. इथे तोच वेग पहिली अट होऊन बसला.

आणि ही अट अशा वेळी आली, जेव्हा बाकीच्या कामांना नेमके उलटे हवे होते. टेलरने सांगितलेला वेग हा पृष्ठभागाचा वेग. २०० मिलिमीटर व्यासावर मिनिटाला १५० मीटर हवे असतील तर सुमारे २४० फेऱ्या. २० मिलिमीटर व्यासावर तेवढ्यासाठीच सुमारे २,३९० फेऱ्या. जॉबचे तोंड बाहेरून मध्याकडे कापत नेताना वेग सतत वाढत गेला पाहिजे. पुलीच्या पायऱ्यांवर हे अशक्य होते. आधी डीसी आणि मग एसी मोटारींना इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह जोडल्यावर ते आपोआप होऊ लागले. प्रोग्रॅममध्ये जी ९६ लिहिले की कंट्रोल व्यास पाहून फेऱ्या ठरवतो. मध्यबिंदूशी व्यास शून्य होतो आणि गणिताप्रमाणे वेग अनंताकडे धावतो, म्हणून फानुक कंपनीचा कंट्रोल असलेल्या लेथवर जी ५० च्या ओळीत फेऱ्यांची कमाल मर्यादा बांधून द्यावी लागते. ही ओळ विसरणे जिवावर बेतू शकते: वेगाबरोबर चकच्या जबड्यांची पकड सैल होते आणि जॉब गोळीसारखा बाहेर येतो. आटे सुरू करण्याआधी जी ९७ लिहून वेग पुन्हा एका आकड्यावर बांधायचा. एकाच प्रोग्रॅममध्ये, दोन-चार ओळींच्या अंतरावर, वेग मोकळा सोडण्याची आणि वेग जखडण्याची अशा दोन्ही आज्ञा असतात. नवशिक्या प्रोग्रॅमरने जी ९७ गाळले, तर गेज बसत नाही आणि सगळे इन्सर्टला शिव्या घालत बसतात.

पॅनेलवरच्या बटणांनाही हा कायदा लागू आहे. आटे कापताना आवाज खरखरला की ऑपरेटरचा हात सवयीने फीडच्या नॉबकडे जातो, पण तेवढ्यापुरता तो नॉब निकामी असतो. फीड शंभर टक्क्यांवर बांधलेले. थांबवण्याचे बटण दाबले तरी मशीन चालू कट पूर्ण करून मगच थांबते, कारण मध्येच थांबले तर आट्याचा निकाल लागतो. आट्याच्या अलीकडे दोन-तीन पिच मोकळी जागाही ठेवावी लागते. उभ्या कॅरेजला वेग घ्यायला तेवढे अंतर लागते, आणि त्या अंतरातली पिच खोटी असते.

जुन्या टर्नरची अक्कल कुठे गेली, याचे उत्तर फानुकच्या जी ७६ या आवर्तनात सापडते. ३ मिलिमीटर पिचच्या आट्याची खोली सुमारे १.८४ मिलिमीटर. पहिला कट अर्ध्या मिलिमीटरचा दिला, तर दुसऱ्याच्या अखेरीस एकूण खोली ०.७१, तिसऱ्याच्या अखेरीस ०.८७, कट उतरत्या श्रेणीने लहान होत जातात आणि चौदाव्या कटाला आटा भरतो. खाच जसजशी खोल, तसतशी टूलला घासणारी कड लांब, म्हणून कट हलका करायचा, हे टर्नर हाताच्या जाणिवेने करत असे. कंट्रोल तेच वर्गमुळाने करतो. टूल सरळ आत न घालता कंपाउंड स्लाइड २९ अंशांवर फिरवून आट्याच्या एकाच अंगाने कापण्याची रीतही या आवर्तनात आकडा होऊन आली आहे. जाहिरातीत हे सगळे संगणकाचे कर्तृत्व म्हणून सांगितले जाते, ते मात्र पटण्यासारखे नाही.

एका जागी मोजणी अजून दात्यांपुढे कमी पडते. प्रेसचा जुना स्क्रू झिजून आला आणि त्याच्याच खाचांतून हलका कट द्यायचा आहे, असे काम. साध्या लेथवर टर्नर जॉब चकात बांधतो, हाफ नट टाकतो, चक हाताने फिरवून खेळ काढतो आणि कंपाउंड सरकवत टूल जुन्या खाचेत अलगद बसवतो. पाच-दहा मिनिटांत कट सुरू. सीएनसीवर जॉब काढून पुन्हा बांधला की खाच कुठल्या कोनात सुरू होते हे एन्कोडरला ठाऊक नसते. नव्या कंट्रोलवर यासाठी वेगळी सोय असते, टूल खाचेत टेकवून तो कोन मशीनला शिकवता येतो. पण अनेक लहान वर्कशॉपमधल्या मशीनवर ती सोय घेतलेली नसते आणि एका नगासाठी तेवढा खटाटोप परवडतही नाही. म्हणून सीएनसी आणली की जुना लेथ भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये. दुरुस्तीचे आटे त्याच्यावरच स्वस्तात आणि बिनघोर निघतात.